घरपट्टी आधी, राजीनामा नंतर

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

सरपंच होऊन आठ महिने झाले नाहीत तोच तू राजीनाम्याची भाषा करतेस. पंधराव्या वित्त आयोगाकडून (२०२१ ते २०२६) गावाला मिळणाऱ्या केंद्राच्या पैशातला साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांना वापरायचा, उरलेल्या अबंधित निधीतून शिपायाचा पगारही करता येत नाही, मग गावाला अधिकार दिला म्हणजे नेमके काय दिले, हा तुझा प्रश्न रास्त आहे. १९९३ साली पंचायतींबाबतची ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आले; त्यांतले किती खरोखर सोपवायचे, हे मात्र राज्यांवर राहिले. हे सारे मान्य. पण आठ पानांच्या पत्रात गावाची घरपट्टी किती वसूल झाली, याचा एका ओळीचाही उल्लेख नाही, हे मला खटकले.

मी पंचायत विस्तार अधिकारी होतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून आपला निधी थेट ग्रामपंचायतींकडे वळवला, तेव्हा आता गावाचा कारभार सुधारणार, असे मी छातीठोकपणे सांगत फिरलो. आणि त्याच वर्षी तालुक्याच्या कार्यालयात बसून, एका गावाचा विकास आराखडा दुसऱ्या गावाच्या नावावर मीच उतरवून दिला. आराखड्यासाठीची ग्रामसभा गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान हजेरी न भरल्याने, तहकूब झाली होती आणि तहकूब होऊन पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही, हे मला पाठ होते. मुदत संपत आली होती, एकेका ग्रामसेवकाकडे तीन-तीन गावे होती. माझ्या जागी दुसरा असता तर त्यानेही तेच केले असते, असे मला आजही वाटते, आणि वाटते म्हणून मन निवते असे नाही.

त्या गावात गटार झाले, पेव्हर ब्लॉक बसले, आणि कोणी काहीही विचारले नाही. पुढे त्याच गावाने मोटार दुरुस्तीसाठी पाणीपट्टी वाढवली, तर सभेला चावडीसमोर जागा पुरेना. मोटार कुठून घेतली, पावती कुठे आहे, जुन्या मोटारीचे काय केले, असे प्रश्न बायकांनी उभे राहून विचारले. वरून आलेल्या पैशाचा हिशेब लोक मागत नाहीत, स्वतःच्या खिशातून गेलेल्याचा मागतात. हे मी तुला तीनदा सांगितले आहे, चौथ्यांदाही सांगेन.

केरळचा दाखला तू दिलास. तिथे १९९६ नंतर राज्याच्या योजना खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे गेला, हे खरे; पण त्याबरोबर कर्मचारीही गेले आणि वॉर्डावॉर्डांत लोकांना बसवून चर्चा घडवल्या गेल्या. आपल्याकडे हे पुरेसे झाले नाही, याबद्दल शासनाशी जरूर भांड. मीही भांडलो, उशिरा आणि दबक्या आवाजात. मात्र भांडताना हातात स्वतःच्या वसुलीचा आकडा हवा. मते जातील म्हणून चार वर्षांनी करायची घरपट्टीची फेरआकारणी टाळणाऱ्या पंचायतीने अधिकार मागावेत, हे मला कधीच पटले नाही.

तेव्हा नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) आणि नमुना ९ (कर मागणीची नोंदवही) काढ, थकबाकीदारांची यादी कर आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाच. तुझ्या चुलत्यांची तीन वर्षांची घरपट्टी थकली आहे, हे बोलण्याच्या ओघात तूच सांगितले होतेस. वाचन त्यांच्या नावापासून सुरू कर. घरात काय रामायण झाले ते मला कळव. राजीनाम्याचे त्यानंतर बोलू.

तुझा,
काका