होळीनंतरची कोरी पानं

"मॅडम, याले नाटक सोडाले लावू का?"

होळी झाली की वडसा, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी या पट्ट्यातून हा प्रश्न माझ्याकडे, एका समुपदेशकाकडे, येतोच. कधी बायको विचारते, कधी आई, कधी नट स्वतःच. दिवाळीपासून गावोगाव गाजलेला माणूस घरी येतो आणि कोपरा धरून बसतो. बोलत नाही, धड जेवत नाही, लेकरांवर खेकसतो. घरच्यांना वाटतं नाटकानं याचं डोकं बिघडवलं. त्याला वाटतं आपण संपलो. अशा प्रत्येक घराला मी एका नटाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेऊन ती इथं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात दिवाळीनंतर मंडया म्हणजे गावजत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्या निमित्तानं गावातलं मंडळ रात्रीचं नाटक ठेवतं. नाटक कंपन्यांची बरीचशी कार्यालयं वडशाला आहेत, बुकिंग तिथूनच होतं. पडदा उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. नटाला पैसे नाईटवर मिळतात. एक प्रयोग म्हणजे एक नाईट. पहाटे रंग तसाच ठेवून गाडीत बसायचं, डुलक्या घेत पुढचं गाव गाठायचं, संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं. असे साडेतीन-चार महिने. मग होळी येते आणि सगळं एकदम थांबतं.

आधी त्याची बायको आली, एकटीच. एप्रिलचा पहिला आठवडा होता. ती म्हणाली, "सीझनमंदी सोन्यासारखा राहते जी. होळी झाली का घरात परका माणूस आल्यावानी वाटते. यंदा तर बोलूनच नाही राहिला." नवरा छत्तिशीचा, अकरा सीझन खलनायक केलेला. दोन एकर धान, शाळेत जाणारी मुलगी, डोक्यावर कर्ज. करोनाच्या काळात प्रयोग थांबले तेव्हा घेतलेलं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, पण वेड्याच्या डॉक्टरकडे जायचं आहे असं सांगू नका, झोपेबद्दल बोलायचं आहे म्हणा. ते खोटंही नव्हतं.

तो आला तेव्हा खिशात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी होती आणि हातात एक जुनी डायरी. ती कशाला आणली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "यात माहा हिशेब आहे." मी उघडून पाहिली. तारीख, गाव, नाटक, पैसे, एवढंच. दिवाळीपासून पानं भरलेली आणि होळीनंतर सगळी कोरी. मागच्या वर्षी ब्याण्णव नाईटी होत्या. यंदा एक्केचाळीस. कंपनीनं खलनायकासाठी पंचविशीचा नवा पोरगा घेतला होता आणि याला सीझनच्या मध्यावर "भाऊ, तुम्ही आता थोडं थांबा" असं सांगण्यात आलं होतं. ती ओळ त्यानं मला तीनदा ऐकवली, प्रत्येक वेळी अगदी तशाच आवाजात.

मी नैराश्याची नेहमीची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. तिचे गुण शून्य ते 27 असतात. त्याचे सतरा आले. उदासी, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, स्वतःला नालायक समजणं, यातलं बरंच काही दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज टिकलं तर त्याला नुसता थकवा म्हणून सोडून देता येत नाही. इथं महिना उलटून गेला होता.

नववा प्रश्न मरणाचा असतो. तो मी कधीच गाळत नाही. विचारल्यानं माणसाच्या मनात तो विचार शिरतो असं पुष्कळांना वाटतं, पण माझा अनुभव आणि या कामातलं शिक्षण दोन्ही उलट सांगतात. विचारलं की माणूस सैल होतो. तो खाली बघत म्हणाला, "सकाळी उठूच नये असं वाटते कधी कधी." काही ठरवलं आहे का, घरात काय आहे, हेही मी सरळ विचारलं. ठरवलं काही नव्हतं. पण धानाच्या फवारणीचं औषध खाटेखालीच असायचं, आमच्याकडे बहुतेक घरांत असतं तसं. त्याच दिवशी त्याच्यासमोर त्याच्या मोठ्या भावाला फोन लावला. औषधाचे डबे भावाच्या घरी कुलपात गेले. अशा वेळी घातक वस्तू हाताशी नसली तर ती कठीण घटका टळून जाते आणि माणूस वाचतो. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा माणूस असेल तर हे काम आजच करा, समुपदेशनाची वाट पाहू नका. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. तो नंबर मी त्याच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून दिला.

जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञ बसतात, तिथं चिठ्ठी देऊन पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. बायकोला भीती होती की सवय लागेल. नैराश्याच्या या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानंच बंद करायच्या नाहीत, हे मी दोघांना समजावलं.

इथवर सगळं ठीक होतं. चूक मी पुढच्या भेटीत केली.

मला त्याच्या कर्जाची काळजी होती. मी त्याच्यासमोर कागद घेऊन बसले आणि दुसरं काय काय करता येईल ते लिहायला लागले. गावात दुकान, तालुक्याला एखादी नोकरी, बचत गटाचं कर्ज. तो मान हलवत राहिला. मला वाटलं, पटतंय. त्यानंतर तीन आठवडे तो आलाच नाही. बायकोकडून निरोप पाठवला तेव्हा आला आणि दारातच म्हणाला, "सारे मले जे सांगतेत तेच तुमी बी सांगतलं. नाटक सोड. तुमाले कोन सांगतलं का मी ते इचारून राहिलो म्हनून?"

त्याचं बरोबर होतं. प्रश्न त्याच्या बायकोचा होता, आणि त्याला न विचारताच मी त्याचं उत्तर देऊन बसले होते. मी माफी मागितली. मग विचारलं की नाटकात तुम्हाला काय मिळतं. तो अर्धा तास बोलला. महिन्याभरात पहिल्यांदा मी त्याचा खरा आवाज ऐकला. पहिल्या अंकात त्यानं नायिकेच्या म्हाताऱ्या बापाला लाथ मारली की बाया बसल्या जागेवरून शिव्या देतात. एका गावात एका आजीनं त्याच्यावर चप्पल भिरकावली होती. ती त्याची सगळ्यात मोठी दाद. "हजार मानसं एका वक्ताले माह्याकडं पाहून राग करतेत. घरी आलो का कोनाचंच माह्याकडं ध्यान नाही."

तेव्हा मला त्याची ती कोरी पानं कळली. डायरीत नाईट नसली की त्या दिवशी तो नव्हताच. रोवणीला गेलेला, मुलीला शाळेत सोडलेला, आईचे पाय चेपलेला माणूस कुठंच नोंदलेला नव्हता. एक्केचाळीस नाईटी म्हणजे त्याच्या हिशेबानं वर्षातले फक्त एक्केचाळीस दिवस जगणं. मग नवा पोरगा आला की सगळंच जाणार. मी त्याला एवढंच सांगितलं की पुढचे तीन-चार महिने नाटक सोडायचं की ठेवायचं हे ठरवायचं नाही. पोळ्यानंतर बघू. झोप उडालेल्या, खचलेल्या मनाला कुठलाही रस्ता दाखवला तरी तो बंदच दिसतो, आणि तसल्या दिवसांत घेतलेले निर्णय नंतर फार महाग पडतात. एवढं ऐकून त्याचे खांदे खाली आले.

तोवर कोरी पानं भरायची. रोज रात्री तीन ओळी. किती वाजता उठलो, हातानं काय केलं, कोणाशी बोललो. मन लागलं की करीन असं म्हणत बसायचं नाही, आधी करायचं, मन मागून येतं. सुरुवातीच्या नोंदी वाचवत नव्हत्या. "नव वाजता उठलो. काही नाही. कोनाशी नाही." असं आठ-दहा दिवस. मग एका दिवशी "बांधीची धुरं बांधली," म्हणजे धानाच्या शेताचे बांध घातले. मग "पोरीले पाढे इचारले."

झोपेवर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी लागली. चार महिने पहाटे झोपणाऱ्या शरीराला होळी झाली हे कळत नाही. तो घरीही पहाटे चारपर्यंत मोबाइल बघत जागा राहायचा आणि दुपारी उठायचा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून सहाला उठायचं ठरलं, झोप झाली असो वा नसो, आणि उठल्याबरोबर अर्धा तास उजेडात, बांधीवर. सकाळचा उजेड शरीरातल्या घड्याळाला जागेवर आणतो. खर्रा हा दुसरा अडथळा. प्रयोगात जागं राहायला तो रात्री सात-आठ पुड्या खायचा. त्यातली तंबाखू मेंदूला जागं ठेवते, हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर खायचा. पण सीझन संपल्यावरही पुड्या तेवढ्याच. कॅन्सरची भीती घालून आमच्या भागात खर्रा सुटत नाही, मी ते करून पाहिलं आहे. झोपेच्या नावानं त्यानं संध्याकाळनंतरचा सोडला. पूर्ण सुटला नाही अजून.

एकदा तो मुलीला घेऊन आला. चौथीतली पोर. मी तिला सहज विचारलं, बाबाचं नाटक पाहिलंस का. ती म्हणाली, "नाटकातल्यावानीच घरी ओरडते बाबा." तो काही बोलला नाही, पण पुढच्या भेटीत विषय त्यानंच काढला.

खलनायकाचा राग अंगात आणायला तो छाती भरून घ्यायचा, जबडा आवळायचा, आवाज पोटातून काढायचा. रोज रात्री चार-पाच तास. प्रयोग संपला की रंग न पुसताच गाडीत झोपायचा. म्हणजे ते सोंग उतरवायची जागाच नव्हती. मी त्याला विचारलं, सोंग चढवायला तुम्ही काय काय करता? आरसा, रंग, मिशी, रंगदेवतेला नमस्कार. मग उतरवायलाही तेवढंच करा. पुढच्या सीझनसाठी त्यानं स्वतःच ठरवलं. खोबरेल तेलानं रंग पूर्ण पुसायचा, जबडा आणि खांदे सैल करायचे, रंगदेवतेला पुन्हा हात जोडायचे आणि गाडीत बसायच्या आधी स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं. हे ऐकायला साधं वाटतं, पण भूमिकेतून बाहेर येण्याचं काम नाट्योपचारातही मुद्दाम करून घेतात. आपल्याकडे नटाला भूमिकेत शिरायला शिकवणारे पुष्कळ गुरू आहेत. बाहेर कसं यायचं हेही त्यांनी शिकवावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

पोळा झाला आणि ठरल्याप्रमाणे आम्ही तो प्रश्न बाहेर काढला. चाचणीचे गुण तोवर सहावर आले होते. या वेळी बायकोही बसली होती. ती म्हणाली, "2023 ले आपल्या नाटकातल्या परशुराम खुणेंना पद्मश्री भेटली, सारी झाडीपट्टी नाचली. मी बी नाचली. पण बाकीच्याइचं घर कसं चालते, हे कोन पाह्यते जी?" तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं आणि मी खोडलंही नाही. दोघांनी मिळून डायरीच्या मागच्या पानांवर खरा हिशेब मांडला. नाईटीचे पैसे, त्यातून गेलेली उचल, खर्रा, धानाचं उत्पन्न, कर्जाचे हप्ते. आकड्यांत दिसलं की नाटकानं घर बुडालेलं नव्हतं. उचल घेऊन सीझनआधीच खर्च करण्यानं ते बुडत होतं. यंदा उचल घ्यायची नाही, असं ठरलं.

खलनायकाची जागा मात्र गेली ती गेली. ते दुःख मी हलकं करायला गेले नाही. अकरा वर्षांचं काम हातातून गेलं की माणूस रडतो, आणि तो रडला, बायकोसमोर. नंतर एकदा स्वतःहून कंपनीच्या मालकाला भेटायला वडशाला गेला आणि बापाची भूमिका मागून आला. तोच बाप, ज्याला तो अकरा वर्षं लाथ मारत होता. गावातल्या पोरांच्या मंडळाचं नाटक बसवायचं कामही त्यानं घेतलं. त्याचे पैसे थोडे मिळतात, पण ते पावसाळ्यात मिळतात, आणि तालमीला पोरं त्याला गुरुजी म्हणतात.

त्या सीझनला त्रेपन्न नाईटी झाल्या. नाटक सोडायचं की नाही हे त्यांचं अजून पक्कं नाही. मुलगी दहावीला गेली की पुन्हा बसू म्हणतात. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणल्या आहेत.

यंदा होळीनंतर तो न बोलावता आला. मी काही विचारायच्या आधी डायरी पुढं केली. पान धुळवडीचं होतं.

"सहाले उठलो. नाईट नाही. पोरीसंग मोहफुलं वेचाले गेल्तो. टोपली भरली. थे म्हणे, बाबा, तुमी आज गानं म्हनून राहिले."