सिएटलमध्ये ट्रेलच्या कडेला काळ्या बेरी लागल्यात, काट्यांनी जीन्स फाडली, एका देठाला पाच पानं आहेत आणि पान खालून पांढुरकं दिसतं, ही ब्लॅकबेरीची कुठली जात? खाल्लेली चालते का, आणि फांदी आणून बॅकयार्डमध्ये लावू का?

काट्यांनी जीन्स फाडली, एका देठाला पाच पानं आणि पान उलटं केलं की खालून पांढुरकं, एवढं तुम्ही लिहिलंय तेच पुरे आहे. ही हिमालयन ब्लॅकबेरी, शास्त्रीय नाव रूबस आर्मेनिॲकस. नाव काहीही असो, मूळची ती आर्मेनिया-इराणकडची. कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक म्हणून नवनवीन झाडं तयार करणारा माणूस होता, त्याने भारतातून आलेल्या बियांपासून ती वाढवली आणि १८८५ मध्ये 'हिमालया जायंट' म्हणून बाजारात आणली. पुढे पक्ष्यांनी बिया जिकडेतिकडे नेल्या आणि आता वॉशिंग्टन-ओरेगनमध्ये मोकळी जागा दिसली की ही हजर.

लोक फळाचा फोटो टाकून जात विचारतात, पण फळावरून फारसं काही कळत नाही, बघायची ती फांदी. हिमालयनची फांदी चांगली अंगठ्याएवढी जाड, गोल नाही तर कडा असलेली, आणि काटे बुडाशी रुंद, पुढे आकड्यासारखे वळलेले. पानं मोजणार असाल तर यावर्षीच्या नव्या फांदीवरची मोजा. कारण फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फुलं-फळं देऊन वाळते, आणि त्या फळं धरणाऱ्या फांदीवर बऱ्याचदा तीनच पानं असतात, मग लोकांना वाटतं की आपल्याला इथली मूळची जात सापडली.

ती मूळची जात म्हणजे ट्रेलिंग ब्लॅकबेरी, रूबस अर्सिनस. ती जमिनीलगत सरपटते, वेल पेन्सिलीपेक्षा बारीक, त्यावर निळसर पावडर असते जी बोटाने पुसली जाते, काटे नाजूक, एका देठाला पानं तीनच आणि पान खालून हिरवंच. नर आणि मादी झाडं वेगळी, त्यामुळे काही वेलींना फळ कधीच धरत नाही. फळ छोटं पण चवीला हिमालयनपेक्षा सरस, हे माझं मत, आणि पिकतंही आधी, जुलैच्या आसपास. हिमालयनचा खरा सीझन ऑगस्ट. तिसरी एक आहे, तिची पानं कात्रीने कातरल्यासारखी असतात, ती कटलीफ, ओळखायला सगळ्यात सोपी. ओरेगनची प्रसिद्ध मॅरियनबेरी, म्हणजे तिथे संकरातून तयार केलेली ब्लॅकबेरी, १९५६ साली आली, तिच्या वंशावळीत हिमालयन आणि अर्सिनस दोघीही आहेत बरं का.

महाबळेश्वरची रासबेरी खाल्ली असेल तर एक फरक लगेच कळेल, रासबेरी तोडली की आतून पोकळ निघते, ब्लॅकबेरीचा मधला पांढरा गाभा फळाबरोबरच येतो. आणि तुती तर झाडावर लागते, तिचा ह्यांच्याशी संबंध नाही.

खायला अजिबात हरकत नाही. चकचकीत काळी असते ती अजून आंबट असते, जराशी निस्तेज झालेली आणि हात लावताच सुटणारी घ्या. रस्त्याच्या किंवा रेल्वे लाइनच्या कडेची मात्र घेऊ नका, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. पार्कमध्ये तोडायला परवानगी आहे का ते बोर्डावर बघा. उशिराच्या फळांत बारीक पांढऱ्या अळ्या निघतात, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवली की त्या बाहेर येतात. किळस वाटत असेल तर सीझनच्या सुरुवातीचीच तोडा.

बॅकयार्डमध्ये लावायची? प्लीज नको. वॉशिंग्टनमध्ये ही क्लास सी, म्हणजे राज्यात आधीच सगळीकडे पसरलेल्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे, फांदीचं टोक मातीला टेकलं की तिथे मूळ धरून नवीन झाड उभं राहतं, वरून कितीही छाटा, खालचा गड्डा खणून काढल्याशिवाय ती जात नाही आणि मुळांचे तुकडे राहिले तर त्यातूनही फुटते. घरची ब्लॅकबेरी हवीच असेल तर नर्सरीतून ट्रिपल क्राउन नावाची जात आणा, बिनकाट्याची असते.