डास औषधाला दाद का देत नाहीत?

डासांवरच्या मागच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

लिक्विडचं मशीन पूर्वी रात्रभर पुरायचं. आता डास मशीनशेजारीच भिंतीवर बसलेले दिसतात. त्यांना औषधाची सवय झाली का? (एक वाचक, धायरी)

‘सवय’ हा शब्द सोडून द्यायला हवा, कारण त्याने उपायच चुकतो. माणसाला तिखटाची सवय होते तशी एका डासाला औषधाची होत नाही. त्याचं आयुष्यच मुळी काही आठवड्यांचं. समजा, हजार डासांत एक-दोन जन्मतःच वेगळे आहेत. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची अंडी यांची असतात. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेच औषध चालू राहिलं, तर एका पावसाळ्यात सात-आठ पिढ्यांची निवड होऊन जाते.

वेगळे म्हणजे कसे? लिक्विड, कॉइल, मॅट आणि औषधी मच्छरदाणी यांतली बहुतेक रसायनं पायरेथ्रॉइड या एकाच कुळातली आहेत. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या द्रव्यावरून ती बनवली गेली. डासाच्या मज्जातंतूंत सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. औषध ती उघडीच ठेवतं, मग डास थरथरत पाठीवर पडतो. काही डासांत या दाराची घडण किंचित बदललेली असते, त्यामुळे औषध तिथे नीट बसतच नाही. डीडीटी हे जुनं कीटकनाशकसुद्धा याच दारावर काम करतं. म्हणून डीडीटीच्या काळात ज्यांनी हा बदल कमावला, त्यांना पायरेथ्रॉइडही फारसं जड जात नाही. इतर काही डासांच्या अंगातली विकरं (एन्झाइम) औषध मज्जातंतूपर्यंत पोहोचण्याआधीच मोडून टाकतात. काहींचं बाह्य कवच जाड होतं. काही तर फवारलेल्या भिंतीवर बसायचंच टाळतात.

मात्र तुमच्या भिंतीवरचा डास असाच आहे, हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. खिडकी उघडी असेल तर लिक्विडची वाफ टिकत नाही, आणि या यंत्राचं मुख्य काम डास दूर ठेवण्याचं आहे. दोन मशीन लावू नका. खिडक्यांना जाळी बसवा.

आमची सोसायटी मुंढव्याला नदीजवळ आहे. दर महिन्याला धूरफवारणी करतो, तरी डास कमी होत नाहीत. ठेकेदार म्हणतो, औषधाचं प्रमाण वाढवू. (सोसायटीचे सचिव)

वाढवू नका. लेबलवरच्या प्रमाणापेक्षा जास्त औषध माणसांना बाधतं, आणि त्यातूनही जे डास वाचतील ते सर्वांत चिवट असतील. धूर डोळ्यांना दिसतो म्हणून काहीतरी झाल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं हे पाहून मला आता राग येतो. ज्या उडत्या डासाला थेंब लागेल तेवढाच डास धुराने मरतो. पाण्यातल्या अळीला काही होत नाही आणि आठवड्यात नवे डास बाहेर पडतात.

ठेकेदाराला औषधाचं नाव आणि त्याचं कुळ विचारा. तीन वर्षं एकच कुळ चाललं असेल तर तीच मोठी चूक आहे. औषध चालतं की नाही, हे तपासण्याची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत साधी आहे. औषध लावलेला कागद असलेल्या नळीत डास एक तास ठेवायचे आणि 24 तासांनी मेलेले मोजायचे. 98 टक्के किंवा अधिक मेले तर औषध चालतं, 90 च्या खाली गेले तर प्रतिरोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याची डासांची क्षमता, पक्का. हा आकडा हातात नसताना वर्षानुवर्षं फवारणीवर पैसे घालणं मला पटत नाही.

आता नदी. जलपर्णीच्या घाण पाण्यात वाढणारे डास बहुतेक क्युलेक्स जातीचे. ते झोप उडवतात, पण हिवताप पसरवत नाहीत. शहरातला हिवतापाचा डास म्हणजे अॅनोफिलिस स्टीफेन्सी, आणि तो स्वच्छ पाणी शोधतो: गच्चीवरची झाकण सरकलेली टाकी, लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, जुन्या वाड्यातला हौद. अळी बघा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगत असेल तर अॅनोफिलिस, डोकं खाली करून लटकत असेल तर दुसरी जात.

हाच स्टीफेन्सी 2012 मध्ये आफ्रिकेत जिबूतीत सापडला आणि पुढे इथिओपियात पसरला. तिथेही तो शहरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि अनेक औषधांना जुमानत नाही. टाकी घट्ट झाकणं आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, यावर कोणत्याही डासाला जनुकीय तोड काढता आलेली नाही. जे पाणी काढताच येत नाही, त्यात बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक वापरता येतं. त्यात अनेक विषं एकत्र असल्याने त्याला प्रतिरोध सहज येत नाही.

मुलगी शिक्षिका म्हणून गडचिरोलीला जातेय. डास औषधाला दाद देत नसतील तर औषधी मच्छरदाणी कशाला? (एक आई, कर्वेनगर)

ताई, मच्छरदाणी नक्की द्या. औषध निकामी झालं तरी ती जाळी असतेच, आणि खोचलेल्या अखंड जाळीतून डास आत येत नाही. पूर्ण न मरणारा डासही औषधाला टेकला की बऱ्याचदा रक्त न पिता निघून जातो. गडचिरोलीतला हिवतापाचा डास, अॅनोफिलिस क्युलिसिफेसीस, गोठ्यात आणि घरात विसावतो, मुख्यतः रात्री चावतो. अनेक राज्यांत त्याने डीडीटी आणि मॅलॅथिऑन या दोन्ही कीटकनाशकांना केव्हाच दाद देणं सोडलं आहे.

नव्या मच्छरदाण्यांवर दोन प्रकारे काम झालं. एकीत पायरेथ्रॉइडच्या जोडीला डासाची विकरं रोखणारं द्रव्य असतं. दुसरीत क्लोरफेनापिर असतं, जे मज्जातंतूंऐवजी पेशींच्या ऊर्जेवर घाला घालतं. हिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली. पण तिला जी मिळेल ती घेऊ द्या. साध्या साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची, भोक पडलं की लगेच शिवायचं. आणि ताप आला तर वाट न पाहता त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासायचं. तिथे फॅल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

मी द्राक्ष बागायतदार आहे. शेतातल्या फवारणीने डास चिवट होतात का? (एक वाचक, जुन्नर)

हो, तिचाही वाटा आहे. शेतात जी कुळं वापरतो, त्यांतलीच डासांवरही वापरतात. फवारणीचं पाणी चरांत, डबक्यांत उतरतं आणि तिथल्या अळ्यांना ते थोडं थोडं मिळत राहतं. न मारणारा डोस निवडीला पोषकच असतो. प्रतिरोधाचा फटका देशाने पूर्वीही सोसला आहे. भारतात 1953 मध्ये डीडीटीच्या बळावर हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. 1965 पर्यंत रुग्ण लाखभरावर आले आणि 1976 मध्ये परत 64 लाख झाले. प्रतिरोध हे त्याचं एकच कारण नव्हतं, ढिलाई आणि तुटलेला पुरवठाही होता. पण दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये. कुळ बदलत फवारा आणि पंप ओढ्यात धुऊ नका, एवढं मात्र कराच.

मार्चमध्ये हिवताप झाला, बरा झालो, ऑगस्टमध्ये परत आला. डास औषधाला जुमानत नव्हता म्हणून? (एक वाचक, सदाशिव पेठ)

नाही. डासाचा प्रतिरोध कीटकनाशकाला असतो. तुमच्या गोळ्यांशी त्याचा संबंध नाही. तुमचा हिवताप व्हायवॅक्स या प्रकारचा असेल तर त्याचे जंतू यकृतात महिनोन्‌महिने निजून राहतात. त्यांना मारण्यासाठी 14 दिवसांचा प्रायमाक्विनचा कोर्स असतो, आणि ताप उतरला की अनेक जण तो चौथ्या-पाचव्या दिवशी सोडतात. नवीन डास चावूनही हे होऊ शकतं. मार्चचा रक्ततपासणीचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या विकराची तपासणी करायची का, तेही विचारा.