घराने ठरवले, पण घरातील कोणी?

प्रश्न : माझी मुलगी समाजशास्त्र आणि सांख्यिकी घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण साधारण 64 टक्के असतात. तिने परदेशात स्थलांतर, एकात्मीकरण आणि इमिग्रेशन धोरण या विषयात पीएच.डी. करावी असे आम्ही ठरवले आहे. त्यामुळे तिकडचे नियम तिला आतून कळतील, पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) मिळणे सोपे जाईल आणि पुढे आम्हालाही बोलावून घेता येईल. ती मात्र सांख्यिकीतच पुढे शिकायचे म्हणते. तिचे मन कसे वळवावे?
– एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रातील 64 टक्के मला खटकले नाहीत, खटकले ते ‘आम्ही ठरवले आहे’ हे शब्द. गंमत अशी की ज्या विषयात तुम्ही मुलीला घालू पाहता, त्या विषयाने नेमका याच शब्दांचा विचार केलेला आहे. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या अर्थशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये असे मांडले की स्थलांतराचा निर्णय बहुधा एकटी व्यक्ती घेत नाही, घर घेते. सगळ्यांची मिळकत एकाच ठिकाणच्या भरवशावर राहू नये म्हणून घरातील एकाला दूर पाठवले जाते, आणि त्याने अडीअडचणीला घराच्या उपयोगी पडावे ही अपेक्षा त्या पाठवणीत धरलेलीच असते. तुमचे पत्र या सिद्धांताला उदाहरण म्हणून देता येईल. पण पुढे त्यावर जी टीका झाली, विशेषतः स्त्रीवादी अभ्यासकांकडून, तीही तुम्ही लक्षात घ्यावी असे मला वाटते. घर ठरवते म्हणजे घरातील नेमके कोण ठरवते, आणि जिला जायचे आहे तिच्या म्हणण्याला त्या निर्णयात किती जागा असते, असा त्या टीकेचा रोख होता. तुमच्या पत्रात मुलीचे म्हणणे एका वाक्यात आले आहे, आणि तेही अडचण म्हणून.

आता तुमच्या गैरसमजाविषयी. स्थलांतराचा अभ्यास म्हणजे स्थलांतर करण्याचे प्रशिक्षण नव्हे. हिवतापावर संशोधन करणाऱ्याला डास चावायचे थांबत नाहीत, तसेच इमिग्रेशन धोरणावर प्रबंध लिहिणाऱ्याचा पीआरचा अर्ज इतरांच्याच रांगेत, इतरांच्याच निकषांवर तपासला जातो. अर्ज कसा भरावा, कोणती कागदपत्रे जोडावीत, हे सांगणारे वकील आणि सल्लागार वेगळे असतात. संशोधकाचे प्रश्न निराळे असतात. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून काही काळापुरते कामगार आणले आणि 1973 मध्ये अशी भरती थांबवली. लोक हळूहळू परततील असा सरकारचा होरा होता. परंतु एकदा बाहेर पडलो तर पुन्हा आत येता येणार नाही या धास्तीने पुष्कळ जण तिथेच थांबले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. संख्या कमी करण्यासाठी उचललेल्या पावलाने वस्ती कायमची कशी झाली, हा खरा संशोधनाचा प्रश्न. त्याला भिडायचे तर जुन्या फाइली चाळाव्या लागतात, मुलाखती घ्याव्या लागतात, त्या लोकांची भाषा शिकावी लागते आणि आपला आवडता निष्कर्ष खोटा ठरला तर तसे लिहावे लागते. निवड समितीसमोर ‘तुमचा प्रश्न कोणता?’ असे विचारले गेल्यावर ‘मला इथे राहायचे आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही, आणि ज्याच्या मनात तेवढेच उत्तर आहे तो उमेदवार लपून राहत नाही.

मार्ग सांगायचा तर समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा कायदा यांपैकी एकात पदव्युत्तर पदवी, मग संशोधन आराखडा आणि भाषेची परीक्षा. नेदरलँड्स किंवा स्वीडनसारख्या देशांत पीएच.डी. करणारे बरेच जण पगारी कर्मचारी असतात हे खरे. पण ती नेमणूक ठरावीक मुदतीची असते, आणि त्यानंतरही अनेकांच्या वाट्याला कित्येक वर्षे एकामागून एक करारच येतात. आपल्या आवडीच्या प्रश्नासाठी माणूस ही अनिश्चितता सोसतो. दुसऱ्याच्या पीआरसाठी ती सोसणे मला अवघड दिसते.

तुमच्या मुलीचा सांख्यिकीचा आग्रह मात्र मला तुमच्या बेतापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये जगात 30 कोटी 40 लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या 3.7 टक्के. (सगळे जग परदेशी चालले आहे असे वाटणाऱ्यांनी हा आकडा सावकाश वाचावा.) पण हा आकडा येतो कुठून? कुठे जन्माचा देश विचारात घेतात, ती माहिती नसेल तिथे नागरिकत्व. कुठे जनगणना, कुठे रहिवाशांची नोंदवही, कुठे नमुना पाहणी. बारा महिने राहिलेल्यालाच स्थलांतरित म्हणावे ही शिफारस असली तरी प्रत्येक देशाची मोजणी तिला धरून चालत नाही. शिवाय किती जण आले हे कसेबसे कळते. किती जण निघून गेले हे फारच कमी ठिकाणी नीट नोंदले जाते. अशा विस्कळीत माहितीतून भरवशाचा अंदाज काढणे हे सांख्यिकी जाणणाऱ्याचेच काम आहे. समाजशास्त्राची जोड असलेली मुलगी ते करू शकेल, आणि नाही केले तरी तिची विद्या आरोग्य, शेती, विमा अशा कितीतरी क्षेत्रांत चालेल.

तेव्हा तिचे मन वळवण्याचा उपाय मी सांगणार नाही. पदवीला तिला सांख्यिकीचे किती पेपर होते हे पाहून सांख्यिकी किंवा लोकसंख्याशास्त्र यांपैकी कुठे प्रवेश मिळतो, एवढे तिला तपासू द्या. परदेशात राहण्याची तुमची इच्छा गैर नाही. पण ती तुमची आहे, म्हणून त्यासाठीचा सल्ला तुमचे स्वतःचे वय, शिक्षण आणि अनुभव घेऊन एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडे मागावा. पुढचे पत्र तुमच्या मुलीने लिहावे. तुम्ही ते न वाचता पाठवू दिलेत तर मला अधिक उपयोग होईल.