ट्रंपेटची भोकं आणि मार्चचं भाडं

पत्र : ताई, मी मूळची साताऱ्याची. नऊ वर्षं जर्मनीत, कोलोनजवळ, आयटीत नोकरी. नवरा जर्मन, ट्रंपेट वाजवतो. साधा नाही, बाख-हँडल या अठराव्या शतकातल्या संगीतकारांच्या काळातला, बिनव्हॉल्वचा, म्हणजे बोटाने दाबायचे खटके नसलेला. दोन वर्षांपूर्वी एका ऑर्केस्ट्रातल्या कायम जागेसाठी ऑडिशनला बोलावणं आलं होतं, गेला नाही. आता म्हणतो, वाद्यावरची छिद्रंसुद्धा खोटी, जानेवारीपासून तीही नकोत. त्यापायी दोन ग्रूप त्याला बोलावणं बंद करतील, हे तोच सांगतो. ख्रिसमसला मी एकटी, फेब्रुवारी-मार्चचं भाडं माझ्या पगारातून. आई विचारते, जावईबापू काय करतात हल्ली? मी म्हणते, तुतारी वाजवतात. त्याला हे सोड म्हणू, की मीच कोत्या मनाची? – बिनसुरी

उत्तर : अगं, आधी त्या तुतारीचं. रागाने म्हणालीस, पण बरोबर म्हणालीस. आपल्या तुतारीला खटके नाहीत, तसे त्याच्या ट्रंपेटलाही नाहीत. सात-एक फुटांची नळी, हल्लीच्या ट्रंपेटच्या जवळजवळ दीडपट, वळसे घालून हातात मावेल अशी केलेली. बाकी सगळं ओठांवर आणि फुंकेवर. नळी काय, तार काय, तिच्यातून एकावर एक स्वरांची ठरलेली रांगच निघते. तानपुऱ्याजवळ बसलीस तर षड्जाच्या तारेतून आपोआप गांधार ऐकू येतो ना, स्वयंभू म्हणतात तो? तो त्या रांगेतला पाचवा. तुझा नवरा त्याच रांगेतल्या आठव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या स्वरांवर बाख उभा करतो. त्यातला अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अधेमधे पडतो. तेरावा धैवत ना धड कोमल, ना धड शुद्ध. हे दोन्ही ओठाने ओढून सुरात आणायचे, तेही भरल्या चर्चमध्ये. शेजारचा स्वर केसभर अंतरावर टपलेला असतोच.

छिद्रं आली ती यासाठी. 1960 च्या सुमारास, तुमच्या जर्मनीतच, ओटो स्टाइनकोफ आणि हेल्मुट फिंके यांनी नळीला बोटाने उघडायची भोकं पाडली. भोक उघडलं की रुसलेला स्वर जागेवर येतो आणि घसरायची भीती कमी होते. आज ‘जुनं’ ट्रंपेट वाजवणारे बहुतेक जण हेच वापरतात. बाखच्या काळी ती नव्हती, एवढं तुझ्या नवऱ्याचं म्हणणं सोळा आणे खरं. छिद्रांशिवाय वाजवणारेही आहेत, स्वित्झर्लंडमधल्या बासेलला शिकवणारे फ्रेंच वादक मादफ त्यांतले मोठे. तेव्हा त्याच्या डोक्यात खूळ शिरलंय असं मला वाटत नाही. सोड म्हणू नकोस. ऑडिशनचंही उगाळू नकोस. एका ऑर्केस्ट्रात ट्रंपेटवाले असतात चार-पाच, गेला असता तर जागा मिळालीच असती असं थोडंच आहे.

पण माझी गाडी अडते ती ‘जानेवारीपासून’ या शब्दावर. हे ठरवलं कोणी?

माझे वडील नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. पावसाळ्यात दौरे बंद. आई दिवाळीनंतरच्या प्रत्येक पाकिटातून एक नोट काढून तांदळाच्या डब्यात खुपसायची. वडिलांना ठाऊक होतं, ते मोजायचे नाहीत. आषाढात डबा उपडा व्हायचा, नोटांना पांढरा भुगा लागलेला असायचा, वाणी झटकून घ्यायचा. आईने त्यांना कधी ऑर्गन सोडा म्हटलं नाही. मात्र एका वर्षी त्यांनी घरात न विचारता नव्या ऑर्गनचा बयाणा देऊन टाकला, तेव्हा आठ दिवस स्वयंपाकघरातून फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

तुमचा आषाढ फेब्रुवारीत येतो. डिसेंबरात गावोगाव बाखचा ख्रिसमस ऑरेटोरिओ, म्हणजे येशूजन्माची गायलेली कथा, मग ईस्टरआधी सगळीकडे पॅशन, म्हणजे त्याच्या मरणाची. आणि बाखच्या दोन्ही पॅशनमध्ये ट्रंपेटला एक स्वर म्हणून नाही. म्हणजे हा दुष्काळ दरवर्षीचा, तारखेनिशी ठाऊक असलेला. तरी तो दर वेळी तुझ्याच पगारावर येऊन आदळतो, याला साधना म्हणत नाहीत. आळस म्हणतात.

तो परंपरेचं नाव घेईल. घेऊ दे, आपणही घेऊ. बाखचा ट्रंपेटवाला गॉटफ्रीड राइखे. 1734 च्या ऑक्टोबरात बाखची कँटाटा, म्हणजे गाणाऱ्यांसह वाजवायची रचना, वाजवली आणि दुसऱ्या दिवशी गेला. ही मंडळी त्याचं नाव कानाची पाळी पकडून घेतात. पण राइखे होता कोण? लाइपझिग शहराचा पगारी वादक. मनोऱ्यावरून वाजवायची ड्यूटी, लग्नकार्यांची वरकमाई, आणि ट्रंपेटखेरीज इतर वाद्यंही यायलाच हवीत. किंवा आल्टेनबुर्ग घे. ट्रंपेटवरच्या त्याच्या 1795 च्या पुस्तकावाचून या लोकांचं पान हलत नाही. बापाकडून शिकला, तोवर दरबारी ट्रंपेटवाल्यांचे दिवस भरत आले होते. सैन्याबरोबर वाजवलं आणि शेवटी बिटरफेल्डच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरलं. हातचं एक राखून जगण्यात त्या काळी कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

म्हणून माझं मत असं, की छिद्रांची नळी त्याने विकू नये. ज्या दोन ग्रूपना ती हवी, तिथे ती न्यावी. बिनछिद्राची स्वतःच्या मैफलींना. कपाटातला व्हॉल्वचा ट्रंपेट बाहेर काढून आठवड्याच्या दोन दुपारी पोरांना शिकवावं. ओठांची ठेवण बिघडते म्हणेल. दोन्ही वाजवणारे पुष्कळ आहेत, सांग त्याला. आणि एक रूक्ष प्रश्न विचार : कलाकारांच्या सामाजिक विम्यात, त्या क्युन्स्टलरसोझियालकासेत, तो आहे ना? त्यात विम्याचा अर्धाच हप्ता त्याच्या खिशातून जातो. फ्रीलान्स माणसं असले कागद खणात टाकून विसरतात.

कोत्या मनाची वगैरे नाहीस तू. मात्र पत्राच्या तळाशी एक ओळ खोडली आहेस, ती मी खिडकीशी धरून वाचली : ‘त्याला शेवटचं कधी ऐकलं आठवत नाही.’

तर या डिसेंबरात घरी बसू नकोस. ऑरेटोरिओच्या सहा भागांपैकी ट्रंपेट तीनच भागांत आहे. बाकीचा वेळ तो नुसता बसून असेल, बहुधा माउथपीस मुठीत धरून, गार पडू नये म्हणून. तो दिसेल अशी जागा धर. येताना ट्राममध्ये पैशांचं काढू नकोस, दमलेला असेल. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पुढच्या वर्षाचं कॅलेंडर टेबलावर पसर आणि फेब्रुवारीपासून सुरुवात कर.