हापूसच्या बागेतली फवारणी आणि पोटातलं बाळ

ताई, तुम्ही विचारलंय की पाचवा महिना चालू आहे, घर देवगडला कलमांच्या बागेतच, मोहोरावर फवारणी चालते, तर बाळाच्या हार्मोन्सवर परिणाम होईल का.

काळजी रास्त आहे. काही कीटकनाशकं वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचतात. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. तिथल्या 10 ते 19 वर्षांच्या मुलग्यांची तपासणी 2003 साली प्रसिद्ध झाली: वयात येणं लांबलेलं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी, आणि ते बनवायला सांगणारं एलएच हे हार्मोन जास्त. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. अर्थात तुमच्याकडचं औषध वेगळं, मात्राही वेगळी. त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका.

पण तुडतुड्यांसाठी पंप सुरू झाला की दोन-चार दिवस माहेरी जा. जमत नसेल तर खिडक्या बंद, विहिरीवर झाकण, दोरीवरचे कपडे आत. फवारणीचा शर्ट तुम्ही अजिबात धुवायचा नाही! कॉलरला तो उग्र वास असतो ना, ते औषधच असतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धुवावा. आणि बाटलीवरचं नाव डॉक्टरांना नक्की दाखवा.