जुना रशियन बिल्ला हातात आला की आधी उलटा करा

मॉस्कोच्या इझमायलोवो बाजारात झारच्या काळातले म्हणून विकले जाणारे रेजिमेंटचे बिल्ले अस्सल की नवे, हे कसं ओळखायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

पुढची बाजू बघत बसू नका. दुतोंडी गरुड, मुकुट, रंगीत क्रूस हे सगळं आज बऱ्यापैकी हुबेहूब करता येतं. नक्कल करणारा हात आखडता घेतो तो पाठीवर. म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा आणि बिल्ला उलटा करूनच सुरुवात करा.

पाठीवर काय अडकवलंय ते पहिल्यांदा बघा. झारकालीन बिल्ल्याला सहसा जाड मळसूत्र आणि त्यावर मोठी गोल चकती असते, कुडीच्या फिरकीसारखी. हल्लीच्या टाय-पिनला असते तशी चिमटीत दाबायची पकड दिसली तर पुढे तपासायची गरजच नाही. फिरकी मात्र पुष्कळदा हरवून बदललेली असते. ती नवी असली तर किंमत कमी करून मागा, तेवढ्यावरून बिल्ला खोटा ठरत नाही.

मग बांधणी. अधिकाऱ्यांचे चांदीचे बिल्ले बहुधा तुकड्यांचे असत: क्रूस वेगळा, गरुड वेगळा, आणि ते बारीक रिवेटांनी किंवा झाळून जोडलेले. रिवेटांची टोकं पाठीवर दिसतात. नकलेत सगळं एकाच ओतीव तुकड्यात येतं आणि रिवेटाच्या जागी नुसता उंचवटा असतो. ओतीव कामाची आणखी खूण म्हणजे सपाट जागेवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आणि बोथट कडा. ठशाने पाडलेल्या बिल्ल्यात सपाट जागा घट्ट असते, अक्षरांच्या कडा तीक्ष्ण. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेतला असेल तर 40 मिमीच्या बिल्ल्यात साधारण अर्धा मिमी तरी कमी भरतो. कॅलिपरने मापून प्रमाणित नमुन्याच्या मापाशी ताडून पाहा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो चांदीच्या शिक्क्याला. रशियात शुद्ध धातू 96 झोलोत्निकांचा (झोलोत्निक हे जुनं रशियन वजन) धरत. नेहमीची चांदी 84 ची, म्हणजे हजार भागांत 875 भाग शुद्ध. साधारण 1899 पासून 84 च्या आकड्याबरोबर कोकोश्निक हे पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं डोकं येतं. 1908 पर्यंत तिचं तोंड डावीकडे, त्यानंतर उजवीकडे. उजव्या तोंडाच्या शिक्क्यात ग्रीक अक्षर असतं: पीटर्सबर्गचं अल्फा, मॉस्कोचं डेल्टा. डाव्या तोंडाच्या शिक्क्यात त्याऐवजी चांदीची शुद्धता तपासणाऱ्या तपासनीसाची आद्याक्षरं, उदाहरणार्थ मॉस्कोच्या इवान लेबेद्किन यांची. आता 1913 च्या रोमानोव्ह या झार घराण्याच्या त्रिशताब्दीच्या बिल्ल्यावर डाव्या तोंडाची बाई दिसली तर गोष्ट जुळत नाही. उलट मात्र चालतं: 1902 साली मंजूर झालेला बिल्ला 1912 मध्ये बनवून घेतलेला असू शकतो, त्यामुळे त्यावरचं उजवं तोंड बिनधोक आहे. आणि शिक्का ठोकलेला आहे की बिल्ल्याबरोबरच ओतलेला, हे भिंगातून कळतं. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेला धातू किंचित वर दाबला गेलेला असतो आणि तळ स्वच्छ असतो. ओतलेल्याचा तळ रवाळ दिसतो.

शिक्काच नाही म्हणून बिल्ला फेकून देऊ नका. शिपायांचे बिल्ले पितळ, ब्राँझ किंवा पांढऱ्या धातूचे असत, अनेकदा मीनाकामाशिवाय.

मीना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. ती चुकून उडाली तर शिंपल्यासारखा चकचकीत खड्डा पडतो. नकलेतलं रेझिन उडत नाही, दबतं. त्यावर ओरखडे मऊ दिसतात आणि कडेला ते धातूवर किंचित सांडलेलं असतं. विक्रेते तापलेली सुई टोचून दाखवतात, पण खऱ्या बिल्ल्यावर हा प्रकार कोणी करू देऊ नका.

विक्रेता परवानगी देत असेल तर घनतेची परीक्षा उत्तम. फिरकी काढा, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या सोनाराच्या काट्यावर बिल्ला तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बिल्ला दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकवा. तळाला टेकू नये, बुडबुडे चिकटू नयेत. दिसेल तो आकडा म्हणजे आकारमान. 20.54 ग्रॅमला 2.00 आलं तर घनता 10.27, म्हणजे 84 ची चांदी. पितळ साडेआठच्या आसपास, जस्ताचा मिश्रधातू पावणेसातच्या जवळपास. मीनाकाम भरपूर असेल तर काच हलकी असल्याने आकडा खाली येतो, तेव्हा घाईने खोटा म्हणू नका.

अक्षरंही वाचा. 1918 च्या आधी व्यंजनाने संपणाऱ्या रशियन शब्दाच्या शेवटी एक कठोर चिन्ह लिहीत. ते लहान इंग्रजी बीसारखं दिसतं, वर डावीकडे छोटी टोपी. पीटर्सबर्गच्या एदुआर्द या प्रसिद्ध पेढीचं नाव फिरकीवर असेल आणि शेवटी ते चिन्ह नसेल, तर ती फिरकी आजची. आद्याक्षरं असलेल्या बिल्ल्यांना हा नियम लागू नाही.

काळपटपणा एकसारखा असेल तर संशय घ्या. वापरातल्या बिल्ल्याचे उंचवटे घासून उजळलेले असतात, खोलगट जागा काळ्या राहतात. हिरवा कळंक स्पिरिटच्या बोळ्याने निघून आला तर तो रंग आहे.

सोव्हिएत काळातले मीनाचे बिल्ले तपासायची रीत बरीचशी हीच. ॲल्युमिनियमच्या स्वस्त बिल्ल्यांच्या पाठीवर कारखान्याचं चिन्ह आणि कोपेकमधली किंमत असते. त्यांची नक्कल करून कोणाचा फायदा होत नाही, खुशाल घ्या. पण सोव्हिएत सरकारी पदकं आणि ऑर्डर विकत घेणं-विकणं रशियन फौजदारी संहितेच्या कलम 324 खाली गुन्हा आहे, अस्सल असली तरी. झारकालीन वस्तू त्या कलमात येत नाहीत, पण त्या देशाबाहेर नेताना सांस्कृतिक वस्तूंचे निर्यात नियम लागू होऊ शकतात. पैसे देण्याआधी विक्रेत्याला लेखी पावती आणि निर्यातीच्या कागदांबद्दल विचारा.